अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पाण्यात

गेल्या जानेवारीत मी डायरीच्या पहिल्या पानावर एकच ओळ लिहिली होती : ‘या वर्षी पोहायला शिकायचे.’ त्याआधीच्या डायऱ्यांमध्ये पहाटे उठणे, साखर कमी करणे, रोज दहा पाने वाचणे असे संकल्प आहेत. त्यांतले काही पार पडले, काही राहून गेले, पण माझ्या जगण्यात त्याने फारसा फरक पडला नाही, कारण त्यांपैकी एकाचीही मला भीती वाटत नव्हती. पोहण्याची वाटत होती.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाने असे म्हणावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची मिळून झालेली पंचगंगा गावाला लागून वाहते, गावातच रंकाळा तलाव आहे आणि २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहलेला वीरधवल खाडे याच मातीतला आहे. माझा भाऊ आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून आठ दिवसांत पोहायला शिकला. मी मात्र काठावर त्याचे कपडे सांभाळत बसले, कारण त्या काळी आमच्या घरात मुलींना विहिरीत उतरवत नसत. पुढे ते बसणेच अंगवळणी पडले.

भीती खरी बसली ती २०१९च्या ऑगस्टमध्ये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फुटांची आहे आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले होते. आमचे घर जयंती नाल्यापासून जवळ. जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत पाणी आल्यावर बचाव पथकाच्या बोटीतून आम्हाला बाहेर काढण्यात आले. आईने माझा हात घट्ट धरला होता, आणि ही बोट कलंडली तर मी तिच्यासाठी काहीही करू शकणार नाही, हा एकच विचार त्या काही मिनिटांत माझ्या मनात होता. त्यानंतर शिवाजी पुलावरून जातानाही मी नदीकडे पाहणे टाळत असे.

वर्गात नाव नोंदवूनही जानेवारीचा सगळा महिना मी थंडीचे कारण सांगून काढला. ३१ जानेवारीला अंबाबाईच्या किरणोत्सवासाठी देवळात गेले. मावळतीची किरणे पहिल्या दिवशी देवीच्या चरणांना स्पर्श करतात, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत चढतात आणि तिसऱ्या दिवशी मुखावर येतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या संध्याकाळी गर्दीत उभी असताना मला वाटले की आपणही एवढ्याच बेताने पाण्यात उतरावे. आधी पाय, मग छाती, आणि चेहरा अगदी शेवटी. पुढच्याच आठवड्यात मी तलावाच्या पायऱ्या उतरले.

शिकवणाऱ्या बाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होत्या. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, “काकू, हातपाय नंतर मारू. आधी पाण्यात श्वास सोडायला शिका.” मला हे विचित्र वाटले, कारण पाण्यात गेल्यावर श्वास रोखून धरायचा असतो, अशी माझी पक्की समजूत होती. त्यांनी कारण समजावून सांगितले, आणि ते कळल्यामुळेच मी टिकले. श्वास रोखला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि गुदमरल्याची जाणीव मुख्यतः त्यामुळे होते. ऑक्सिजन संपायला अजून वेळ असतो, पण मन घाबरून जाते. तोंडाने हळूहळू बुडबुडे सोडत राहिले, की ती घाई कमी होते आणि डोके वर काढल्याबरोबर नवा श्वास घेता येतो. आठवडाभर मी छातीएवढ्या पाण्यात कठडा धरून फक्त बुडबुडे सोडत होते. शेजारची मुले तोवर सूर मारू लागली होती.

तरंगणे त्याहून अवघड गेले. छातीत हवा भरलेली असली की माणसाचे शरीर पाण्यापेक्षा किंचित हलके असते, हे पुस्तकी ज्ञान मला होते, पण घाबरलेला माणूस आधी डोके वर उचलतो, आणि डोके वर गेले की कंबर व पाय खाली जातात. म्हणजे बुडू नये म्हणून मी जे करत होते, त्यानेच मी बुडत होते. मान सैल सोडून, कान पाण्यात बुडवून, वर आभाळाकडे पाहत पडून राहायचे, एवढेच करायचे होते आणि त्याला मला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी बाईंनी पाठीखालचा हात केव्हा काढून घेतला, ते मला समजले नाही. कानांत पाण्याचा घुमणारा आवाज होता आणि आपले वजन कुणीतरी अलगद उचलले आहे, असे वाटत होते. तो क्षण मी आजही विसरलेले नाही.

मे महिन्यात मी तलावाची एक पूर्ण लांबी पार केली. वेग काहीच नव्हता, पण मध्ये थांबले नाही.

नव्या वर्षी कम्फर्ट झोनमधून बाहेर पडावे असे सगळीकडे वाचायला मिळते, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ हिमालय, पॅराशूट किंवा परदेशवारी असा घेतला जातो. ज्यांना ते जमते त्यांनी जरूर करावे. माझे मत असे आहे की जे आपण वर्षानुवर्षे वळसा घालून टाळत आलो आहोत, ते बहुधा घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतच असते, आणि त्याच्यासमोर उभे राहण्यात अधिक कस लागतो. धाडस आणि अविचार यांत मात्र गल्लत होऊ नये. मी अजूनही नदीत उतरत नाही, पाण्यात एकटी जात नाही, आणि पावसाळ्यातल्या पंचगंगेच्या वाटेला तर कुणीच जाऊ नये, असे मी भाचीला बजावून सांगते.

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे तीच भाची म्हणाली, “आत्या, घाटावर येतेस?” महापुरानंतर मी पंचगंगा घाटावरच्या दीपोत्सवाला गेले नव्हते. या वेळी गेले. हजारो पणत्यांच्या उजेडात आम्ही सगळ्यांत खालच्या कोरड्या पायरीवर बसलो आणि मी पाय पाण्यात सोडले. पाणी गार होते. आम्ही उजाडेपर्यंत तिथेच होतो.

यंदाच्या डायरीत ‘पन्हाळा ते पावनखिंड, जुलै’ असे लिहिले आहे. १६६०च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज ज्या पावसाळी रात्री निसटले आणि बाजीप्रभूंनी ज्या खिंडीत शत्रूला थोपवून धरले, त्या वाटेवरून दर पावसाळ्यात पदभ्रमंतीचे गट जातात. मसाई पठार, चिखल, सततचा पाऊस, दोन दिवसांची चाल आणि अनोळखी लोकांबरोबर एक मुक्काम. चालण्याचा सराव म्हणून दर रविवारी जोतिबाचा डोंगर चढते आहे.

चालण्याची मला तितकीशी काळजी नाही. आईला एका रात्रीसाठी सांभाळायला ये, असे इचलकरंजीच्या भावाला सांगायचे होते, आणि बावीस वर्षांत मी त्याच्याकडे असे काही मागितलेले नव्हते. दोनदा फोन हातात घेऊन खाली ठेवला. काल रात्री अखेर विचारले. तो क्षणभर गप्प राहिला, आणि मग म्हणाला, “ताई, तारीख सांग. मी आदल्या दिवशीच येतो.”