चौथी मेणबत्ती आणि जादा वेळ

१८ डिसेंबर २०२२. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांचा, चौथा रविवार, संध्याकाळी आमच्या मंडळीची कॅरोलफेरी, म्हणजे घरोघरी जाऊन नाताळची गाणी, आणि रात्री साडेआठला फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स.

पाळकसाहेब दुसऱ्या मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, गेलेले, म्हणून सकाळची उपासनाही माझ्याकडे. चौथी मेणबत्ती लावली, बारा मिनिटांत उपदेश आटोपला. पाळकपदाची दीक्षा न झालेल्या माझ्यासारख्या माणसानं प्रभुभोजनाचा विधी करायचा नसतो, आणि शेवटी आशीर्वाद द्यायचा नसतो, मागायचा असतो. म्हणजे बायबलमधलं आशीर्वादाचं वचन, २ करिंथ १३:१४, म्हणताना 'तुम्हा सर्वांबरोबर असो' नाही, 'आपणा सर्वांबरोबर असो'. हातही उंचावायचा नाही. नवखे नेमके इथंच चुकतात.

बाहेर पडताना चर्चच्या पंचकमिटीतल्या एका ज्येष्ठ काकांनी गाठलंच. "रविवारी मॅच? तीही चर्चच्या आवारात?" त्यांचं घराणं जुन्या स्कॉटिश मिशनचं. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, आणि रविवार कडक पाळायचा हे वळण तिथलंच. १९७० साली याच शहरात वेगवेगळी चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, पण घराघरातल्या सवयी कुठं एकत्र झाल्या! शेवटी काकांनी अट घातली, "बघा मॅच. पण फेरीतलं एकही घर सुटता कामा नये."

घरं अकरा. हिशोब असा: दोन गाणी सहा मिनिटं, बायबलमधलं लूक २:८-१४ वाचायला एक मिनिट, प्रार्थना दोन, चालणं चार. तेरा धरा, सैल सोडून पंधरा. पाचला निघालो तर पावणेआठला मोकळे. कागदावर झकास. चहा मात्र धरलेलाच नव्हता. वाफाळते कप समोर आले की वीस पोट्ट्यांना पाच मिनिटांत उठवून दाखवा. करंज्या-चकल्या पिशवीत घेऊन पुढं जाता येतं, चहाला ती सोय नाही. शिवाय सहाव्या घरी डायलिसिस करून आलेले आजोबा खाटेवर होते. त्यांनी एक जुनं भजन मागितलं, सगळी कडवी. तिथं मी घड्याळ पाहिलं नाही, पाहायचंही नसतं. बाहेर थंडीत आल्यावर गिटारच्या तारा चढलेल्या. पेटीचा सूर हलत नाही, त्यामुळे दर दोन घरांनी गिटारच पेटीला जुळवावी लागायची.

सव्वाआठला तीन घरं शिल्लक. फोन केले. दोघं म्हणाले, उद्या या. तिसऱ्या, मागच्या गल्लीतल्या आजी म्हणाल्या, "मॅच झाल्यावर या. मी जागीच आहे."

आवारात आठ बाय सहाची चादर ताणली होती. खालच्या कडेला बांबू बांधला नाही तर वाऱ्यानं फुगते आणि बॉल गोलपोस्टच्या आधीच वाकतो. प्रक्षेपण मोबाईलच्या नेटवरून, आवाज स्पीकरवर. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला मनाई असते, म्हणून दहाच्या ठोक्याला तो बंद केला. अर्जेंटिना २-० नं पुढं होती. सव्वादहाच्या सुमारास मी पेटी उचलली. "चला बे, संपली मॅच. आजी वाट बघतात."

तेवढ्यात मागच्या गल्लीतून आरडाओरडा. चादरीवर तर थ्रो-इन चालू! नेटवरचं चित्र तुकड्या-तुकड्यांनी साठवून पुढं जातं, म्हणून टीव्हीच्या मागं पडतं. स्पीकर चालू असताना ते लक्षात आलं नव्हतं. मग आमच्याकडेही ८० व्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बापेची पेनल्टी झाली, आणि ती साजरी होईतो गल्ली पुन्हा ओरडली. ८१ वं मिनिट, २-२. पेटी खाली ठेवली.

चूक माझीच होती. बाद फेरीच्या सामन्याला दोन तास धरून भागत नाही. नव्वद मिनिटं, मध्यंतर पंधरा, आणि त्या वर्ल्ड कपमध्ये वाया गेलेला वेळ काटेकोर मोजत असल्यानं प्रत्येक हाफमागं वाढीव मिनिटंही भरपूर. त्यावर जादा वेळ दोनदा पंधरा, मग पेनल्टी. तीन तास धरायला हवे होते. अर्जेंटिनाच्या मेस्सीचा गोल १०८ व्या मिनिटाला, एम्बापेचा ११८ व्या, ३-३. अगदी शेवटी फ्रान्सच्या कोलो मुआनीचा फटका अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझनं डाव्या पायानं अडवला तेव्हा गल्ली आधीच किंचाळून गप्प झाली होती. शूटआउट मी चादरीकडे पाठ करून ऐकलं. अर्जेंटिनाला जिंकून देणारी मोंटिएलची शेवटची पेनल्टी आत गेल्याचं मला मोंटिएलनं मारायच्या आधी कळलं.

अकरा वाजून गेले होते. ढोलक, पेटी आवारातच ठेवली. आठ जण पायी निघालो. आजी स्वेटर घालून दारात उभ्या, नातवंडं अजून उड्या मारत होती.

"तुमच्याकडे उशिरा झाले ना गोल?" आजी म्हणाल्या. ओरडणारं घर हेच होतं.

शेजारी झोपलेले, म्हणून एकच गाणं, तेही हळू आवाजात. मग लूक उघडला: मेंढपाळ रात्रीच्या वेळी रानात कळप राखत होते. प्रार्थना दोन मिनिटं. 'आपणा सर्वांबरोबर असो' म्हणून आमेन होतंय तोच आतून कपांचा आवाज आला.

सकाळी काकांना फोन करून सांगितलं: नऊ घरं झाली, दोन आज. "अकरापैकी नऊ," ते म्हणाले, आणि मग थोडं थांबून, "ती पहिली पेनल्टी खरंच होती का रे?"