तुम्ही विचारलंत म्हणून: कोरोनातलं सामान गेलं कुठं?

लग्नाच्या पंगतीत बसलो तरी कुणीतरी विचारतंच, "सायेब, कोरोनात ग्रामपंचायतीनं येवढं सामान घेतलं, थे गेलं कुठी?" मी यवतमाळ जिल्ह्यात ग्रामपंचायत अधिकारी आहे; 2024 पर्यंत या पदाला ग्रामसेवक म्हणत. महामारीची दोन्ही वर्षं एकाच गटग्रामपंचायतीत काढली. "खाल्लं कोणी?" हा खरा प्रश्न असतो, ते मला कळतं. म्हणून नीट सांगतो.

खरेदी घाईत झाली, हे खरं. केंद्रानं 21 मार्च 2020 ला तीन पदरी मास्कला जास्तीत जास्त 10 रुपये आणि 200 मिलीच्या सॅनिटायझरला 100 रुपये भाव ठरवून दिला, पण तालुक्यात त्या भावानं माल मिळेना. दुकानंच बंद, तर तीन दरपत्रकं आणायची कुठून? सरपंचताईंशी बोलून ग्रामनिधीतून खर्च केला आणि नंतरच्या मासिक सभेत कार्योत्तर मंजुरीचा ठराव घेतला. मास्क बचत गटाच्या बायांनी शिवले. ही सगळी बिलं फायलीत आहेत, कुणीही बघावीत.

सामान हरवलं ते त्यानंतर, आणि बरंचसं माझ्याच पेनानं.

ग्रामपंचायतीचे 33 नमुने, म्हणजे ठरवून दिलेल्या नोंदवह्या आणि तक्ते असतात. नमुना 15 वापरून संपणाऱ्या वस्तूंचा, नमुना 16 टिकणाऱ्या, म्हणजे जडवस्तूंचा. फिनाईल 15 ला, खुर्ची 16 ला. पण एकाच बिलावर हायपो (फवारायचं जंतुनाशक, सोडियम हायपोक्लोराइट), सॅनिटायझर, ऑक्सिमीटर, थर्मल गन असं सगळं आलं आणि मी ते सगळंच 15 ला चढवलं. 15 ची रीत अशी की वस्तू दिली की वजा. आशाताईच्या हातात ऑक्सिमीटर ठेवला, सही घेतली, शिल्लक शून्य. वस्तू चालू आहे, लोकांची बोटं तपासते आहे, आणि कागदावर ती संपलेली. जी कागदावर नाही, ती परत मागणार कोण? पुढं लेखापरीक्षण झालं, बिलं बघितली, ठराव बघितले. "वस्तू दाखवा" असं कुणी म्हटलं नाही.

हायपोचं उलटं झालं. फवारणीला पंचायतीच्या पंपांसोबत शेतकऱ्यांचेही पाठीवरचे पंप घेतले. 2017 ला आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली होती, म्हणून प्रत्येक पंप तीनदा धुतल्याशिवाय मी हायपो भरू दिलं नाही. उरलेले कॅन पत्र्याच्या खोलीत राहिले. सोडियम हायपोक्लोराइट उष्णतेनं कमजोर होत जातं, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास. पुढच्या लाटेत झाकण उघडलं तर तो नाकात जाणारा वास जवळजवळ नव्हता. नोंदवहीत मात्र साठा पुरेपूर. थर्मल गनही साधारण 40 अंशांपर्यंतच्या हवेत चालणारी. वेशीवर उन्हात ती भलतेच आकडे दाखवायची, म्हणून माणसाला आधी निंबाखाली बसवावं लागे.

पण जीव जळतो तो ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसाठी, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या यंत्रासाठी.

एप्रिल 2021. शाळेत विलगीकरण कक्ष होता, दवाखान्यांत खाटा नव्हत्या. गावातली जी पोरं पुण्यात नोकरीला आहेत, त्यांनी वर्गणी करून मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारं यंत्र पाठवलं. त्या यंत्रावर रात्र काढून सकाळी चहा मागणारी माणसं मी पाहिली आहेत. ते दान होतं. बिल पोरांच्या नावावर, आमच्याकडे कागदच नाही. म्हणून नोंद नाही, ना 15 ला, ना 16 ला. शाळा भरायला लागली तेव्हा गाद्यांसोबत ते मागच्या खोलीत गेलं आणि किल्ली या हातातून त्या हातात फिरत राहिली.

2023 च्या पावसाळ्यात एका म्हाताऱ्या बाबांना दम्यामुळं घरी ऑक्सिजन लावायला सांगितलं. त्यांच्या सुनेनं मला फोन केला, "भाऊ, आपल्या शाळेत थे मशीन होतं ना?" काढलं. सुरू झालं, आवाजही तोच, पण ऑक्सिजन कमी असल्याचा लाल दिवा विझेना. या यंत्रात झिओलाइटचे दाणे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढं सोडतात. यंत्र महिनोन्‌महिने बंद राहिलं की दाणे ओल धरतात आणि निकामी होतात. मधेमधे नुसतं चालवत राहिलं असतं तरी ते वाचायची शक्यता होती. बाबांना भाड्यानं यंत्र आणावं लागलं, आणि ते भाडं त्या घराला झेपणारं नव्हतं. मी पुढं होऊन काही बोलू शकलो नाही.

तेव्हा खाल्लं कोणी, याला माझं उत्तर हे: आमच्या गावात बहुतेक सामान कुणी खाल्लं नाही. घ्या म्हणून रोज फोन येत होते. सांभाळा म्हणून एकही आला नाही, आणि मीही कुणाला केला नाही.

त्याच महिन्यात मी गाद्या, पंप, ऑक्सिमीटर, ते यंत्र, सगळं नमुना 16 ला चढवलं. दानाच्या वस्तूपुढं "दान, गावातील तरुणांकडून" असं लिहिलं. यंत्राचे दाणे बदलून आणले, त्यालाही पोरांनीच पैसे दिले. ग्रामसभेत 16 वाचून दाखवला, तेव्हा एकानं उठून सांगितलं की एक पंप त्याच्या गोठ्यात आहे. दुसऱ्या दिवशी आणून दिला. आता यंत्र आशाताईकडे असतं. दर सोमवारी त्या ते अर्धा तास चालवतात आणि वहीत वेळ लिहितात.