छोट्या पेट्रोल गाडीला घट्ट ऑइल कशासाठी?

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी आमच्या ९९८ सीसीच्या तीन सिलिंडरच्या गाडीचे ऑइल नेहमीच्या ठिकाणी न बदलता वाटेवरच्या एका गॅरेजमध्ये बदलून घेतले. तिथल्या मेकॅनिकने २०डब्ल्यू-५० ग्रेडचा डबा काढला आणि आपल्याकडच्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही, असे मोठ्या खात्रीने सांगितले. गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलेले होते, ते मला ठाऊकही होते, तरी मी मान हलवली. डिसेंबरमध्ये नाशिकची थंडी पडली आणि सकाळी गाडी सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद इंजिनाच्या वरच्या भागातून कोरडी टकटक ऐकू येऊ लागली. उन्हासाठी घट्ट ऑइल हवे, हा समज किती चुकीचा आहे हे मला त्या टकटकीने शिकवले.

ग्रेडमधला ‘डब्ल्यू’ ‘विंटर’चा, म्हणजे हिवाळ्याचा आहे. त्याच्या अलीकडचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहते ते सांगतो; आकडा जितका लहान, तितके थंडीतले वाहणे सोपे. पलीकडचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट राहते ते सांगतो. त्या तापमानाला ३० ग्रेडची चिकटता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या (चिकटता मोजण्याचे एकक) दरम्यान असते, तर ५० ग्रेडची १६.३ ते २१.९ च्या दरम्यान. म्हणजे सरासरी पाहता माझ्या इंजिनात गरम अवस्थेतही अपेक्षेपेक्षा दीडपटीहून अधिक घट्ट द्रव फिरत होता. आजच्या छोट्या इंजिनांमध्ये बेअरिंगच्या फटी अरुंद असतात आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावरच चालते. तिथे ऑइल वेळेवर पोहोचणे फार महत्त्वाचे आहे.

उन्हाचा मुद्दा ऐकायला पटतो, पण बाहेर १० अंश असोत की ४२, इंजिन एकदा तापले की थर्मोस्टॅट कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान साधारण एकाच पातळीवर धरून ठेवतो आणि ऑइलही त्याच्या आगेमागेच राहते. पुस्तिकेतील ग्रेड ठरवताना आपला उन्हाळा गृहीत धरलेलाच असतो. फार चाललेले, ऑइल खाणारे इंजिन असेल तर पुस्तिकेने परवानगी दिलेल्या ग्रेडपैकी थोडा घट्ट निवडणे मला मान्य आहे. त्याबाहेर जाणे मान्य नाही.

ग्रेडइतकेच डब्यावरचे एपीआयचे (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जाचे अक्षर पाहावे. पेट्रोल इंजिनासाठी ते ‘एस’ने सुरू होते आणि पुढचे अक्षर जितके नंतरचे, तितका दर्जा नवा: ‘एसएन’ २०१० चा, ‘एसपी’ २०२० चा. जुन्या गाडीला नव्या दर्जाचे ऑइल चालते, उलटे करू नये. मोटरसायकलचे ऑइल घरात शिल्लक आहे म्हणून गाडीत ओतू नये. ते ओल्या, म्हणजे ऑइलमध्येच चालणाऱ्या, क्लचचा विचार करून बनवलेले असते.

ऑइल कधी बदलायचे, या प्रश्नावर बहुतेक जण फक्त किलोमीटर मोजतात. माझ्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी येईल ते, असे आहे आणि खडतर वापरासाठी त्याच्या निम्मे. मला खडतर वापर म्हणजे घाटरस्ते आणि धूळ एवढेच वाटत असे. प्रत्यक्षात गंगापूर रोडवरून सातपूर एमआयडीसीपर्यंतचा माझा पाच-सहा किलोमीटरचा रोजचा प्रवासच खडतर आहे, कारण एवढ्या अंतरात ऑइल पुरेसे तापत नाही, ज्वलनातून आलेली वाफ आणि न जळलेले पेट्रोल त्यात मिसळून राहते. हिवाळ्यात ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आत पांढरट साय दिसते, ती या ओलाव्याची. नुसत्या काळ्या रंगाला मात्र घाबरू नये. ऑइलमधली द्रव्ये काजळी धरून ठेवतात, म्हणून ते काळे होते.

ते घट्ट ऑइल मी डिसेंबरमध्येच स्वतः काढले. गाडी दहा मिनिटे चालवून इंजिन कोमट केले, सपाट जागी पुढची बाजू उचलून स्टँडवर टेकवली (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये) आणि चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट पान्याने सैल केला. शेवटचे थेंब गळेपर्यंत वीस मिनिटे थांबलो. नटाचा वॉशर नवाच टाकला. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला ऑइल लावून, रिंग टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा आवळला. गाडी स्टँडवरून खाली घेतली, पुस्तिकेतल्या ग्रेडचे नवे ऑइल सगळे एकदम न ओतता आधी अडीच लिटर घातले, इंजिन मिनिटभर चालवून बंद केले, पाच मिनिटांनी ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी पाहिली आणि मग थोडे थोडे घालत पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली आणली. त्या खुणेच्या वर जाऊ देऊ नये, कारण क्रँकशाफ्ट ऑइल घुसळते, फेस होतो आणि ऑइलचा दाब घटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली तेव्हा टकटक नव्हती.

काढलेले ऑइल आमच्याकडे अनेक जण वाळवीसाठी लाकडाला फासतात किंवा गटारात ओततात. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि विहिरीच्या पाण्यापर्यंत तो पोहोचतो. मी ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जुने ऑइल पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन दिले. रिकाम्या डब्याला मात्र भोके पाडूनच भंगारात टाकले, म्हणजे त्यात बनावट ऑइल भरून कोणी विकणार नाही. तारीख, किलोमीटर आणि ग्रेड लिहिलेला कागद बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे, आणि त्यावर पुढच्या बदलाची मुदत सहाच महिन्यांची लिहिली आहे.