हिस्टोरियनची गाळणी, घड्याळ आणि चाव्या

ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) तापमानाच्या टॅगवर, म्हणजे त्या मापाच्या संगणकातल्या नोंदमालेवर, कॉम्प्रेशन (बारीक बदल गाळण्याची मर्यादा) ०.५ टक्के लावलेलं असतं आणि ते कुणी, कधी, कशासाठी लावलं हे कुणालाच सांगता येत नाही. सातपूर-अंबडपासून सिन्नरपर्यंत ज्या औषध कारखान्यांत हिस्टोरियन, म्हणजे यंत्रांची मापं वेळेसह साठवणारी प्रणाली, बसवलेला आहे, तिथे सर्वांत आधी हाच आकडा तपासावा असं माझं ठाम मत आहे. फायरवॉल आणि पासवर्ड त्यानंतर. चोराने डेटा नेला तर निदान मूळ नोंद जागेवर राहते. गाळणीने टाकलेली नोंद मात्र कुठेच नसते.

गाळण्या दोन असतात. पहिली इंटरफेसवर, म्हणजे यंत्रांकडून मूल्यं घेऊन सर्व्हरकडे पाठवणाऱ्या मशिनवर: मूल्य ठरावीक फरकापेक्षा जास्त हललं तरच ते पुढे पाठवलं जातं. दुसरी सर्व्हरवर, जिला स्विंगिंग डोअर म्हणतात: दोन नोंदींमधल्या सरळ रेषेत जी मूल्यं ठरावीक मर्यादेच्या आत बसतात ती साठवलीच जात नाहीत. ही मर्यादा बहुधा टॅगच्या स्पॅनच्या (मोजण्याच्या पूर्ण पल्ल्याच्या) टक्क्यात भरतात. स्पॅन ० ते १५० अंश सेल्सिअस असेल तर ०.५ टक्के म्हणजे ०.७५ अंश. म्हणजे ट्रेंडवर सपाट १२१.१ दिसत असताना तापमान मध्येच १२०.३५ पर्यंत उतरून आलेलं असू शकतं. एफ-शून्यच्या, म्हणजे १२१.१ अंशांवरच्या किती मिनिटांइतकं निर्जंतुकीकरण झालं याच्या हिशेबात (झेड १० अंश, म्हणजे तापमान १० अंश उतरलं की परिणाम दहापट घटतो) त्या तापमानाचं एक मिनिट ०.८४ मिनिटच भरतं. त्यात पहिल्या गाळणीची चूक वेगळी मिळते. क्लास ए पीटी-१०० या तापमान सेन्सरची स्वतःची सहनशीलता (मान्य चूक) १२१ अंशांवर सुमारे ०.३९ अंश असते. सेन्सरपेक्षा गाळणी जाड, असा हा प्रकार.

डिस्क भरेल ही सबब आता टिकत नाही. एक टॅग दर सेकंदाला साठवला तर वर्षाला ३,१५,३६,००० नोंदी होतात. वेळेला ८ आणि मूल्याला ८ बाइट धरले तर साधारण ५०५ एमबी. बॅचच्या गुणवत्तेशी संबंधित २०० टॅग असले तरी वर्षाला १०० जीबीच्या आसपास. या टॅगवर दोन्ही गाळण्या सरळ बंद ठेवा. युटिलिटीच्या (पाणी, वाफ, हवा अशा सोयींच्या) टॅगवर खुशाल लावा, पण मर्यादा उपकरणाच्या अचूकतेपेक्षा कमी आणि पहिली गाळणी दुसरीच्या निम्मी, एवढं पाळा. मर्यादा बदलणं म्हणजे नोंदच बदलणं. त्यामुळे तो बदल चेंज कंट्रोलमधूनच (बदलाच्या औपचारिक मंजुरीतूनच) जायला हवा, मेंटेनन्सच्या वहीत एक ओळ लिहून भागत नाही.

व्हॉल्व्ह, पंप, दरवाजा अशा चालू-बंद टॅगना ‘स्टेप’ लावलेलं आहे ना, तेही पाहा. नसेल तर प्रणाली दोन नोंदींमध्ये तिरकी रेषा ओढते आणि रिपोर्टमध्ये व्हॉल्व्ह ०.५ उघडा दिसतो. ऑडिटर नेमकं तिथेच बोट ठेवतो.

आता घड्याळ. बॅच रेकॉर्डवर ऑपरेटरची सही १०.०४ ची, हिस्टोरियनमध्ये तीच घटना १०.११ ला, मग सात मिनिटांचं उत्तर कोण देणार? अशा वेळी दोष अनेकदा व्हर्च्युअल मशिनमध्ये निघतो. नेटवर्कमधल्या यंत्रांना लॉगिन आणि वेळ देणारा डोमेन कंट्रोलर व्हर्च्युअल असतो. त्याला होस्टही (तो ज्या खऱ्या मशिनवर चालतो तो) वेळ देतो आणि एनटीपीही (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी पद्धत) देतो, आणि दोघांच्या ओढाताणीत सगळं नेटवर्क सरकत राहतं. होस्टकडून वेळ घेणं बंद करा. डीएमझेडमध्ये (प्लांट आणि ऑफिसच्या नेटवर्कमधल्या राखीव पट्ट्यात) एकच टाइम सर्व्हर ठेवा, त्याने एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलशी (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळ जुळवावी आणि आतल्या सर्व यंत्रांनी त्याच्याकडूनच घ्यावी. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही याच दोन संस्थांची नावं आहेत. साठवण यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत), दाखवणं भारतीय वेळेत. प्रत्येक सर्व्हरच्या घड्याळाचा फरक हाच एक टॅग करा आणि तो दोन सेकंदांवर गेला की अलार्म वाजू द्या. घड्याळ पुढे गेलेलं सापडलं तर एका झटक्यात मागे ओढू नका. त्यामुळे एकाच वेळेच्या दोन-दोन नोंदी तयार होतात. हळूहळू जुळू द्या आणि डेव्हिएशन (ठरलेल्यापेक्षा वेगळं घडल्याची नोंद) लिहा.

नेटवर्क तुटलं तर डेटा कुठे थांबतो? तो इंटरफेसच्या मशिनवर थांबायला हवा, सर्व्हरवर नव्हे. २००० टॅग, दर सेकंदाला एक नोंद, ७२ तास: ५१ कोटी ८४ लाख नोंदी. नोंदीला २४ बाइट धरले तर साडेबारा जीबी, म्हणून २० जीबी जागा मोकळी ठेवा. ७२ तास अशासाठी की साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी लिंक गेली तर ती लक्षात येऊन दुरुस्त होईपर्यंत तेवढा वेळ सहज जातो. मान्सूनपूर्व वादळात वीज जाते तेव्हा इंटरफेस, स्विच आणि पीएलसी (यंत्र चालवणारा कंट्रोलर) तिघेही यूपीएसवर हवेत. एकटा सर्व्हर जिवंत राहून उपयोग काय?

चाव्यांचं तत्त्व साधं आहे: आकडा ज्याच्या कामाचा, त्याच्या हाती तो बदलण्याचा अधिकार नको. उत्पादन विभागाने वाचावं, इन्स्ट्रुमेंटेशनने टॅग तयार करावेत, आणि साठलेलं मूल्य दुरुस्त करण्याचा अधिकार रोजच्या कुठल्याच खात्याला नसावा. गरज पडली तर क्यूएच्या (गुणवत्ता हमी विभागाच्या) मंजुरीने, ठरावीक वेळेपुरता. प्रत्येक शिफ्टला एकच ‘ऑपरेटर’ लॉगिन असेल तर ऑडिट ट्रेल (कुणी काय बदललं याची आपोआप होणारी नोंद) असून नसल्यासारखाच. हा ट्रेल चालू आहे का हेही स्वतः बघा, कारण काही उत्पादनांत तो मुळात बंदच येतो. चालू केल्यावर एका चाचणी टॅगचं मूल्य बदलून पाहा: जुनं मूल्य, नवं मूल्य, नाव, वेळ, कारण, पाचही दिसली पाहिजेत. अमेरिकेचा पार्ट ११ हा इलेक्ट्रॉनिक नोंदींचा नियम ऑडिट ट्रेल १९९७ पासून मागतो आहे. आपल्याकडे २८ डिसेंबर २०२३ ला अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एमनंतर (औषध उत्पादनाच्या नियमांनंतर) निर्यात न करणाऱ्या कारखान्यांनाही हा विषय टाळता येणार नाही.

जुन्या ओपीसीचं (यंत्रं आणि सॉफ्टवेअर जोडण्याच्या मानकाचं) दुखणं वेगळंच. ते डीकॉम या विंडोजच्या तंत्रावर चालतं. १४ मार्च २०२३ च्या अपडेटनंतर मायक्रोसॉफ्टने डीकॉमची कडक सुरक्षा बंद करण्याची सोय काढून घेतली. अनेक जोडण्या तुटल्या, आणि त्यावर ‘एव्हरीवन’ला सगळे अधिकार देण्याचा किंवा विंडोज अपडेटच थांबवण्याचा उपाय सुचवला जाऊ लागला. दोन्ही करू नका. डीकॉमला १३५ शिवाय बदलते पोर्ट लागतात, त्यामुळे फायरवॉलला भोकंच पडतात. नवं ओपीसी यूए एका पोर्टवर, बहुधा ४८४० वर, सर्टिफिकेटसह चालतं. फक्त त्या सर्टिफिकेटची मुदत कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा, कारण ती संपली की जोडणी मध्यरात्री मुकाट्याने तुटते. जोडणीची सुरुवात प्लांटकडून डीएमझेडकडे व्हावी. ऑफिसने डीएमझेडमधली प्रत पाहावी, आत हात घालू नये. एएमसीवाल्याला (देखभालीचं कंत्राट असलेल्याला) रिमोटची वाट कामापुरतीच उघडावी.

सर्ट-इनच्या त्याच निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस भारतात ठेवायचे आणि सायबर घटना ६ तासांत कळवायची. विंडोजचा सिक्युरिटी लॉग मुळात २० एमबीचा असतो आणि भरला की जुनं पुसत जातो, म्हणून लॉग वेगळ्या सर्व्हरवर पाठवावेच लागतात.

बॅकअपमध्ये आर्काइव्ह फायली असतात, पण टॅगची संरचना, ऑडिट ट्रेल आणि लायसन्स फाइल राहून जाते. अमेरिकी नियमात बॅचच्या नोंदी मुदत संपल्यानंतर किमान एक वर्ष ठेवाव्या लागतात. पाच वर्षांची मुदत असेल तर सहा वर्षांपूर्वीची फाइल आजच्या आवृत्तीत उघडते का, हा खरा प्रश्न. वर्षातून दोनदा रिस्टोअर करून पाहा: जुन्या बॅचची तारीख निवडा, तिचा डेटा मूळ आणि रिस्टोअर केलेल्या अशा दोन्ही मशिनमधून काढा आणि ओळीला ओळ जुळवा. हे करताना रिस्टोअर केलेलं मशिन प्लांटच्या नेटवर्कला अजिबात जोडू नका. त्याचं नाव आणि आयपी मूळ सर्व्हरचेच असतात. इंटरफेस त्यालाच आपला सर्व्हर समजतो, बफरमधला (थांबवून ठेवलेला) डेटा तिकडे ओततो आणि पोहोचला म्हणून स्वतःकडून पुसून टाकतो.