निळा चंद्र आणि धोंड्याचा महिना

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात मी दहावीच्या पोरांची इंग्रजीची शिकवणी घेतो, घराच्याच ओट्यावर. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, असं सांगितलं की मागून आवाज येतोच, "सर, आमची म्हैस तं रोज दूध काढताना बादलीले लाथ मारते. जित्तीच हाय अजून." यावर माझ्याकडे उत्तर नाही. घोकून घ्या म्हणतो.

'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे क्वचित, हेही २०२३ च्या राखीपौर्णिमेपर्यंत असंच घोकून घेत होतो. त्या वर्षी भद्रेमुळे राख्या रात्री नऊनंतर बांधायच्या होत्या. तोवर पोरं ओट्यावर चंद्र बघत बसली. मोबाइलवर 'आज ब्लू मून' फिरत होतं. म्हशीवाला वैतागला, "सर, निळा काऊन नाई दिसून रायला? हा तं रोजचाच हाय."

निळा नसतोच तो. १८८३ साली क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला, तेव्हा हवेतल्या राखेमुळे लोकांना खरंच निळा दिसला होता. एरवी एका इंग्रजी महिन्यात दुसरी पौर्णिमा आली की तिला हे नाव. तेही घोळातून. जुन्या अमेरिकी पंचांगात एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या, तर त्यातल्या तिसरीला ब्लू मून म्हणत. १९४६ साली एका खगोल मासिकात त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला, आणि चूकच चालू पडली.

हे सांगता सांगता मीच अडखळलो. बारा चांद्र महिन्यांचे दिवस ३५४, वर्षाचे ३६५. उरलेले अकरा साचत जातात आणि अडीच-पावणेतीन वर्षांत एक पौर्णिमा जास्तीची होते. आपण त्याच शिलकीतून अधिकमास काढतो. त्या ऑगस्टातली पहिली पौर्णिमा अधिक श्रावणाची, दुसरी निज श्रावणाची. म्हणजे साहेबाचा निळा चंद्र तो आपला तेरावा महिनाच की! त्याला त्यात नवलाई दिसली. आपण म्हटलं, दुष्काळात तेरावा महिना. ज्याला आधीच बारा महिने पुरवून खाणं जमत नाही, त्याला तेराव्याचं कसलं कौतुक?

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. तो ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला. ओट्यासमोरच्या वावरात सोयाबीननं माना टाकलेल्या. वाक्यात उपयोग करा म्हटलं, तर म्हशीवाल्यानं लिहिलं, 'इट रेन्स वन्स इन अ ब्लू मून.' मी पैकीच्या पैकी मार्क दिले.

तेरावा महिना लाभतो फक्त जावयाला. त्याच अधिकात आईनं माझ्या भाटव्यासाठी तेहतीस अनारशांचं वाण केलं होतं. तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचं पीठ, गूळ, खसखशीवर बोटांनी थापणं. शिकवणी चालू असताना पहिलाच तुपात सोडला आणि फुटून सगळ्या कढईभर पसरला.

"हासला मेला," आई आतून ओरडली.

पोरांना म्हटलं, करा याचं इंग्रजी. वह्या उघडल्या, पेनं थांबली. अनारसा हसतो कसा, हे तर मला मराठीतही सांगता आलं नसतं.

म्हशीवाला म्हणाला, "सर, किक द बकेट लिवू का?"