उलथनं ठेवा खाली

आषाढातली दुपार, बाहेर पावसाची झड, आणि फ्रीझरचं झाकण अर्धवट लोंबकळतंय. आत बर्फाने बस्तान मांडलेलं. बर्फाचा ट्रे असा चिकटलाय की ओढला तर फ्रीजच पुढं यावा. अशा वेळी घरातलं कुणीतरी उलथनं घेऊन येतंच.

ते खाली ठेवा. सिंगल डोअर फ्रीजमध्ये फ्रीझरची भिंत म्हणजेच कॉइल, आत गॅस खेळणारा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. एक टोचा बसला की फुस्स! नव्या फ्रीजमधला आर-६००ए गॅस पेट घेतो. तेव्हा बटणांना हात न लावता आधी खिडक्या उघडायच्या.

थर ५-६ मिलिमीटरचा झाला की नॉबच्या मधलं बटण दाबावं. कॉम्प्रेसर थांबतो, बर्फ वितळल्यावर आपला आपण सुरू होतो. घाई असेल तर प्लग काढून, टॉवेलच्या घडीवर गरम पाण्याचं पातेलं आत ठेवावं. १५ मिनिटांनी पाणी बदलावं. मग कधीतरी कड सुटते, फटीतून पाण्याची रेघ उतरते आणि अख्खी लादी धप्पदिशी पडते. हे सुख उलथन्यात नाही.

बर्फ म्हणजे घरातलीच वाफ. कोल्हापूरच्या पावसाळ्यात वाळत घातलेला टॉवेलही चार दिवस ओला. त्यात रविवारचा उरलेला तांबडा रस्सा झाकणाविना आत, गंगावेशीतून आणून तापवलेलं म्हशीचं दूधही गरम असतानाच आत. वाफ सगळ्यात गार जागा गाठते आणि गोठते. वर ‘गार होईना’ म्हणून नॉब ७ वर!

दमट हवा दारातूनही शिरते. दारात दहाची नोट धरून दार लावावं आणि नोट ओढावी. सहज निसटली तर दाराचं रबर सैल. त्याच्या पन्हळीतली काळी घाण साबणाच्या कोमट पाण्याने काढावी, वाकडा भाग हेअर ड्रायरने शेकून सरळ करावा. तरीही नोट निसटली तर रबर बदलायचं.

फ्रीज फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपला आपण वितळवणारा असेल तर बर्फ कुठं आहे ते बघावं. तळाला लादी असेल तर पाणी जायचं भोक तुंबलंय. बर्फ काढून पिचकारीने कोमट पाणी सोडावं. मागच्या पॅनेलवर बर्फ, फॅन घरघरतोय, खाली भाजी कोमट, तर बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेतलं काहीतरी, हीटर, बायमेटल (तापमानावर चालणारा स्विच), टायमर किंवा सेन्सर गेला असणार. तिथं मिस्त्रीच हवा.

हे सगळं उरकून, आतून कोरडं पुसून दार लावावं, तर पाच मिनिटांत कुणीतरी ते उघडून उभं. काय पाहिजे?

“काय न्हाई. बघत हुतो.”