रीमीचा प्लास्टिक बॅज: आधी वास, मग नंबर

मंडळी, रविवारी बॅजचा डबा उघडला आणि व्हिनेगरचा भपकारा आला. चायनीजच्या गाडीवर मिरच्या मुरत घातलेली बाटली असते ना, हुबेहूब तसा. वास येत होता रीमीच्या, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या यंत्र-वीज दुरुस्ती दलाच्या, प्लास्टिकच्या टोपी-बॅजला. तोच बॅज, ज्याच्या खरे-खोटेपणावर मी मागच्या दोन नोंदी खर्ची घातल्या.

वास म्हणजे प्लास्टिक विघटायला लागलंय. दुसऱ्या महायुद्धातल्या या काटकसरीच्या बॅजना आपण सवयीने बेकेलाइट म्हणतो, पण ते असतं सेल्युलोज ॲसिटेट. जुनं ॲसिटेट कोंडून ठेवलं की ॲसिटिक आम्ल सोडतं आणि शेजारच्या धातूलाही खातं. माझ्या रेकॉनेसन्स कोरच्या (टेहळणी दलाच्या) पितळी बॅजवर, भाल्याच्या टोकाशी आणि एका विजेच्या आकृतीवर, हिरवे ठिपके उठलेत. फार जीव होता माझा त्या बॅजवर. हवाबंद डबे बॅजसाठी उत्तम असं सांगून विकतात. प्लास्टिक बॅजसाठी ते अजिबात घेऊ नका. माझा आता आम्लरहित कागदात, उघड्या खोक्यात, पितळेपासून लांब ठेवलाय.

पण याच वासाने पाच महिन्यांचा घोळ बराचसा सोडवला. पाठीवर ‘ए. स्टॅनली अँड सन्स, वॉल्सॉल’ ही बनवणाऱ्याच्या नावाची अक्षरं आहेत खरी, पण खऱ्या बॅजवरून साचा काढून रेझिन ओतलं तर अक्षरंही उतरतातच. म्हणून नुसत्या शिक्क्यावर माझा विश्वास बसत नव्हता. रेझिनला व्हिनेगरचा वास येत नाही. दहापट भिंगाखाली बुडबुडेही दिसले नाहीत, आणि चारही ढालींवरची आर, ई, एम, ई ही अक्षरं कडेला धारदार आहेत. मधल्या कॅलिपरचे (मोजमापाच्या चिमट्याचे) पाय नखाला लागतात. रीमी 1 ऑक्टोबर 1942 ला उभी राहिली आणि 1947 मध्ये घोड्याचा बॅज आला, म्हणजे हा नमुना त्या पाच वर्षांतलाच. नुसता किंग्ज क्राऊन (राजाच्या कारकिर्दीतला मुकुट) बघून एवढं नेमकं कळलं नसतं.

आता टोपी. बॅज याच टोपीवर होता का, हा खरा छळ. जीएस (जनरल सर्व्हिस) कॅप आहे, आत ब्रिटिश सरकारी मालाचा बाणाचा शिक्का आणि 1944. सैनिकांना हा प्रकार मुळीच आवडत नव्हता, पण मला ही ढगळ खाकी टोपी मनापासून आवडते. विकणाऱ्याने टोपी आणि बॅज ‘कायम एकत्रच’ असल्याचं छातीठोकपणे लिहिलं होतं. अशा वाक्याला मी काडीची किंमत देत नाही, भोकं बघते. डाव्या डोळ्यावर येणाऱ्या जागी दोन बारीक छेद आहेत, ते प्लास्टिक बॅजच्या पाठीवरच्या दोन ब्लेडना (धातूच्या पात्यांना) बरोबर बसतात. मुकुटाच्या आकाराचा गडद, न विटलेला डागही आहे. पण त्यांच्याखाली एक आडवी चीर आहे आणि ती स्लायडरची, म्हणजे धातूच्या बॅजमागे असणाऱ्या एकाच रुंद पट्टीची. म्हणजे आधी दुसरा बॅज होता. बाजारात कुणीतरी जोडी जुळवली, असंच मी धरून चालले होते.

काल रात्री टॉर्च अगदी आडवा धरून आतली पट्टी बघितली. शाईचा आठ आकडी नंबर, सुरुवात 14 ने! मी खुर्चीतून उठलेच. जुलै 1942 पासून नवे रंगरूट आधी जनरल सर्व्हिस कोरमध्ये (जीएससी) भरती होत, सहा आठवडे प्राथमिक प्रशिक्षण घेत आणि मग आपापल्या कोरकडे जात. जीएससीला दिलेले नंबर 14200001 पासून सुरू होतात, आणि बदली झाली तरी माणसाचा नंबर तोच राहायचा. मग ती चीर जीएससीच्या राजचिन्हाच्या बॅजची असेल का? पोरगा भरती झाला, सहा आठवडे तो बॅज लावला, रीमीत गेल्यावर हा. ज्या भोकामुळे मी टोपी नाकारणार होते, तेच आता तिच्या बाजूने बोलतंय.

शेवटचे तीन आकडे घामाने फिसकटलेत. वाचता आले तरी पूर्ण नंबर इथे देणार नाही, तो कुणाच्या तरी घरच्या माणसाचा आहे. या महिन्यात वॉल्सॉलला जाऊन स्टॅनलीबद्दल काही मिळतं का बघणार होते, पण ते आता मागे पडलं. आधी इन्फ्रारेड फोटो. शाईत काजळी असेल तर ती काळी उमटेल. आणि हे लिहिता लिहिता सुचलं: स्लायडरचा जीएससी बॅज उसना आणून चिरेवर नुसता धरून बघायचा, टोपीत घालायचा नाही. चीर 11 मिलिमीटर भरते. कुणाकडे असला तर स्लायडरची रुंदी मोजून कळवा, पॉलिश न केलेला असेल तर फारच छान.